मे महिन्यातला नाताळ

दौलत भिंगारदिवेच्या घरी नाताळ मे महिन्यात यायचा.

त्याने मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वाटलं, हा माझी फिरकी घेतोय. मी मुसलमान माणूस, मुरूडकडचा. नाताळाशी माझा संबंध केकपुरता. पण तो डिसेंबरात येतो एवढं मलाही ठाऊक होतं.

आम्ही दोघे सौदीतल्या अल खर्जच्या एका डेअरीत कामाला होतो. मी मेसचा स्वयंपाकी आणि दौलत दूध काढायच्या यंत्रांचा मेकॅनिक. त्याच्यावर दोन साहेब होते, एक डेन्मार्कचा आणि एक आयर्लंडचा. डिसेंबर लागला की दोघे नाताळाला आपापल्या घरी जायचे आणि जाताना यंत्रं दौलतच्या हवाली करायचे. दौलतसुद्धा ख्रिस्ती आहे हे आठ वर्षांत त्यांच्या डोक्यात आलं नाही, आणि दौलतने ते घातलंही नाही.

"अरे सांग की त्यांना, तुझाही सण आहे," मी म्हणायचो.

"पुढच्या वर्षी सांगतो, हनीफभाई."

असं तो आठ वर्षं सांगत होता. यंत्रापुढे वाघ, साहेबापुढे वासरू. त्यामुळे त्याला सुट्टी मिळायची ती मे महिन्यात, जेव्हा दुसरं कुणी सुट्टी मागत नसे. नगरकडे त्याच्या गावी त्याची बायको किशोरी डिसेंबरात देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जाऊन यायची, सगळ्यांशी हात मिळवायची, पण घरात कढई चढवायची नाही. करंज्या दौलत आल्यावर. दारातली कागदी चांदणीही दौलत आल्यावर. सगळं गाव उन्हाने भाजत असताना हिच्या दारात चांदणी लागायची आणि आत करंज्या तळल्या जायच्या. शेजारणी हसायच्या. महिनाभराने करंज्या संपायच्या, चांदणी उतरायची आणि दौलत अल खर्जला परत यायचा. त्यांच्या पोरीने, पारूने, जन्मापासून हेच पाहिलं होतं.

मग नव्वद साली दौलतला बढती मिळाली आणि कुटुंब आणायची परवानगीही. त्या वर्षी मेमध्ये तो गेला नाही, त्याऐवजी जुलैच्या शेवटी मायलेकीच इकडे आल्या. त्या येऊन आठवडा होतोय तोच इराकने कुवेत घेतलं. व्हिसा यायला आठ वर्षं लागली आणि लढाई यायला आठ दिवस. मी किशोरीला म्हटलंसुद्धा, "बाय, तुझा पायगुण जरा जास्तच जोराचा दिसतो."

"मामा, मी आले म्हणून सद्दाम कुवेतवर थांबला," ती म्हणाली. "नाहीतर तो इथे जेवायला आला असता, तुमच्या मेसमध्ये. मग पळून गेला असता."

पहिल्याच भेटीत माझ्या स्वयंपाकाचा असा निकाल लागला. त्या दिवसापासून आमचं जमलं.

तिला एका गोष्टीत मात्र दौलतने साफ फसवलं होतं. आठ वर्षांच्या पत्रांत त्याने फक्त ऊन लिहिलं होतं. ऊन, घाम, पोळलेले पाय. ते वाचून किशोरीने दोघींचे स्वेटर जावेला देऊन टाकले आणि पातळ सुती कपड्यांची बॅग भरून आली. डिसेंबर उजाडला आणि वाळवंटातल्या थंडीने तिचे दात वाजायला लागले. नाताळ थंडीत येतो, हे दौलत विसरून गेला होता की काय, कुणास ठाऊक. शेवटी ती त्याचं कामाचं निळं जाकीट घालून फिरायला लागली, ज्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत २१४ लिहिलेलं होतं. मी तिला दोनशे चौदा म्हणूनच हाक मारायचो.

ती गावाला बालवाडीत शिकवायची. अल खर्जला पारूसाठी जवळ शाळा नव्हती, म्हणून ती घरीच पाटी घेऊन बसवायची. मला वाचता येत नसे. घरून पत्र आलं की मी ते किशोरीकडे नेई. मेसच्या सामानाची यादीही रोज आधी तिला दाखवी, कारण आमचा स्टोअरवाला मनाला येईल ते लिहायचा. ती यादी वाचून दाखवायची, चूक दुरुस्त करायची, मग मी ती ऑफिसात द्यायचो.

डिसेंबरच्या मध्याला ऑफिसातून दोन गोष्टी आल्या. पहिली, प्रत्येकाला गॅसचा मास्क, खोक्यात भरलेला, आणि खिडक्यांना लावायला प्लास्टिक आणि चिकटपट्टी. दुसरी, एक कागद. ज्यांना आपली कुटुंबं मायदेशी पाठवायची असतील त्यांनी नावं द्यावीत, तेवीस तारखेला रियाधहून विमान आहे, तिकीट कंपनीचं.

त्याच आठवड्यात किशोरीने माझ्याकडे मैदा मागितला.

"मैदा, रवा आणि सुकं खोबरं," ती म्हणाली. "तूप डेअरीचं आहेच. आणि खसखस मिळाली तर बघा."

"खसखस? बाय, इथे खसखस म्हणजे अफू. सापडली तर तुला, मला आणि करंजीला, तिघांना आत टाकतील."

"खसखशीशिवाय सारण कसलं?"

"जिवंत माणसाने खाल्लेलं," मी म्हटलं. तिने नाक मुरडलं, पण ऐकलं.

तिथे दुसऱ्या धर्माचे सण उघड करायला बंदी, त्यामुळे हा सण दार लावूनच करायचा होता. त्याचं तिला काही वाटत नव्हतं. लग्नानंतरचा तिचा हा पहिला नाताळ, जो खऱ्या तारखेला येणार होता आणि नवरा घरात असणार होता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिने पंचवीस तारखेभोवती पेन्सिलने इतके गोल काढले होते की आकडा दिसेनासा झाला होता.

एका सकाळी मी यादी घेऊन निघालो, तर दौलत गोठ्याच्या दारात उभा. त्याने एक घडी केलेला कागद माझ्या खिशात सरकवला.

"हनीफभाई, यादीबरोबर हाही मुस्तफासाहेबांना द्या."

मुस्तफासाहेब म्हणजे आमचा सुदानी मॅनेजर.

"तू का नाही देत? ऑफिस इथेच तर आहे."

"तीन नंबरचा पंप बंद पडलाय."

तीन नंबरचा पंप त्याच्या पाठीमागे खडखडत होता. मला ऐकू येत होता. तरी मी निघालो. एवढ्या मोठ्या कॅम्पात त्याने कागदासाठी मलाच का पकडलं, तेही तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. वाचता न येणारा मी एकटाच होतो.

नेहमीप्रमाणे मी आधी किशोरीकडे गेलो आणि खिशातलं सगळं तिच्यासमोर ठेवलं. मुद्दाम केलं असं नाही. खिशात कागद असला की तो किशोरीला दाखवायचा, ही सवयच झाली होती. पारू शेजारी पाटीवर कमळ काढत होती.

किशोरीने यादी वाचली. मग दुसरा कागद उघडला. तो तिने दोनदा वाचला आणि मोठ्याने वाचला नाही.

"काय आहे?" मी विचारलं.

"आम्हा दोघींना तेवीस तारखेला घरी पाठवायचा अर्ज," ती म्हणाली. "यांनी लिहिलाय."

ती थोडा वेळ कॅलेंडरकडे बघत बसली. मग पारूच्या दप्तरातून तिने पेन काढलं, कागदावर काहीतरी लिहिलं, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिला.

"द्या मुस्तफासाहेबांना."

"तू काय लिहिलंस?"

"जाणाऱ्यांत एक नाव राहिलं होतं. यांचं. ते लिहिलं."

पारूची पाटीवरची पेन्सिल थांबली. मी ते पाहिलं, पण मनावर घेतलं नाही. मला पुढची मजा दिसत होती. मी कागद नेऊन दिला आणि दिवसभर गालात हसत भाजी चिरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेसची जेवणं उरकून मी त्यांच्याकडे गेलो. किशोरीने करंज्यांचा घाट घातला होता. गावाकडे या कामाला चार घरच्या बायका जमतात, इथे बायका नव्हत्या, म्हणून मला बोलावलं होतं. मी चाळीस माणसांचा स्वयंपाक करणारा, पण तिने मला हाताखालचा म्हणून लाटण्यावर बसवलं. पीठ तिंबून ओल्या फडक्याखाली ठेवलेलं, सारण तयार, वेलचीचा वास सुटलेला. आणि कातण सापडेना. करंजीच्या कडा कापायचं पितळी कातण, दातेरी चाकाचं, तिने नगरहून खास बरोबर आणलं होतं. सासूचं होतं ते.

"मामा, खरं सांगा. तुम्ही मेसमध्ये नेलंत ना?"

"कशाला नेऊ? चाळीस माणसांच्या चपात्यांना नक्षी काढायला?"

"मग गेलं कुठे? पारू, कातण पाहिलंस?"

पारूने मान हलवली. त्या मानेचा अर्थ हो की नाही, ते कळेना.

तेवढ्यात दौलत आला. पायात गोठ्यातले बूट तसेच. हातात तो कागद.

"मुस्तफासाहेबांनी बोलावलं होतं," तो म्हणाला. "विचारतात, बिंगर, तुम भी जाता? बारा सौ गाय का दूध कौन निकालेगा, मैं?"

त्याचं आडनाव मुस्तफासाहेबांच्या तोंडात अर्ध्यातच अडकायचं. मी लाटण्याकडे बघत राहिलो, कारण हसू येत होतं.

"हे अक्षर कुणाचं, किशोरी?"

तिने पिठाचे हात पुसले आणि कागद हातात न घेता पाहिला. "तिसऱ्या ओळीतलं माझं. वरच्या दोन ओळी तुमच्या. छान आलंय अक्षर. पत्रात इतकं चांगलं काढत नाही तुम्ही."

"हा खेळ नाही. इराकला पंधरा जानेवारीपर्यंत कुवेत सोडायची मुदत दिलीय. त्यानंतर काय होईल कुणी सांगू शकत नाही."

"मग तुम्ही का राहता?"

"माझं काम आहे इथे. साहेब दोघेही नोव्हेंबरातच गेलेत."

"माझंही काम आहे."

"तुझं काय काम?"

"आठ वर्षांचं साचलंय," किशोरी म्हणाली.

ती पुढे बोलली, पण आवाज चढवला नाही. "तुम्ही मला विचारलं असतं, तर कदाचित हो म्हटलं असतं. पारूसाठी. पण तुम्ही हनीफमामांच्या खिशातून चिठ्ठी पाठवलीत."

"ती तुझ्यापर्यंत कशी आली?" असं म्हणून दौलत माझ्याकडे वळला.

"माझ्या खिशातलं सगळं इथेच येतं," मी म्हटलं. "हे तुला ठाऊक नाही, तर कसला मेकॅनिक तू."

त्याने माझा नाद सोडला. आता त्याला कुठेतरी राग काढायचा होता. कपाटावर मास्कची तीन खोकी ठेवलेली होती. त्यातलं स्वतःचं त्याने खाली ओढलं. "बघ, हे बघ. हे तोंडाला बांधून नाताळची गाणी म्हणणार आहेस?" त्याने मास्क बाहेर खेचला.

मास्कबरोबर कातण बाहेर आलं आणि खणखणत फरशीवर पडलं. त्याचं चाक फिरत राहिलं.

पारू दाराआडून धावत आली, कातण उचललं आणि पाठीमागे धरून उभी राहिली.

"तू लपवलंस?" किशोरीने विचारलं. "का गं?"

"करंज्या झाल्या की पप्पा जातात," पारू म्हणाली. "आणि तू त्यांचं नाव पण लिहिलंस जायला."

दौलत तसाच बुटांसकट खाली बसला.

"मी कधी जातो?"

"नेहमीच. करंज्या खाता, चांदणी काढता, मग बॅग भरता."

दौलतने मास्क बाजूला ठेवला. "यंदा नाही जाणार."

"मग नाव?"

त्याने खिशातलं पेन काढलं आणि तिच्यासमोर आपलं नाव खोडलं, एकदा नव्हे, चार वेळा. मग पेन वरच्या दोन नावांवर आलं आणि थांबलं.

"विचारा की आता," किशोरी म्हणाली.

दौलत यंत्रांशी तासन् तास बोलायचा, पंपाला काय दुखतंय ते प्रेमाने विचारायचा. बायकोला काही विचारताना मी त्याला त्याच दिवशी पाहिलं.

"राहशील?"

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "पण तिकडे बसून रेडिओ ऐकायची जास्त वाटते. राहते."

त्याने दोन्ही नावं खोडली. कागदावर आता नुसत्या रेघा होत्या. तो त्याने माझ्यापुढे धरला. "हनीफभाई, जरा मुस्तफासाहेबांना..."

"मला जमायचं नाही," मी म्हटलं. "माझा तीन नंबरचा पंप बंद आहे."

किशोरी इतकी हसली की तिला लाटणं खाली ठेवावं लागलं. दौलत स्वतःच गेला. परत आला तेव्हा साहेब काय म्हणाले ते त्याने सांगितलं नाही, पण त्याच्या हातात खजुरांचा डबा होता. मुस्तफासाहेबांनी दिलेला. कशाबद्दल ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलं नव्हतं. मग त्याने हात धुतले, बूट काढले आणि पारूने कातण त्याच्या हातात दिलं. बाराशे गाईंची यंत्रं जुळवणाऱ्या माणसाला एका करंजीची कड जुळवता येईना. त्याच्या करंज्या तेलात गेल्या की तोंड उघडायच्या.

"या तोंड वासलेल्यांचं काय करायचं?" मी विचारलं.

"या मुस्तफासाहेबांना द्या," किशोरी म्हणाली. "खजुरांच्या बदल्यात."

पंचवीस तारखेला पहाटे दौलत गोठ्यावर गेला, कारण नाताळ असो नसो, गाईंना सुट्टी नसते. दुपारी परत आला. पारू दारातच बसली होती, तो खरंच येतो का ते बघायला. संध्याकाळी त्यांनी दार लावून गाणी म्हटली. खिडक्यांना प्लास्टिक लावलेलं असल्यामुळे आवाज बाहेर जायची भीती नव्हती. लढाईचा तेवढा एक फायदा झाला. कागदाची चांदणी आतल्या दिव्याला टांगली होती. मला गाणी येत नव्हती, मी डब्यावर ठेका धरला. बाहेर कडाक्याची थंडी होती आणि दोनशे चौदा नंबरचं जाकीट खुंटीवर होतं, कारण आत इतकी माणसं आणि एवढीशी खोली, ऊब होती.

चांदणी मात्र पारूने काढू दिली नाही.

जानेवारीत मी किशोरीकडे पाटी मागितली. म्हटलं, पुन्हा कुणी माझ्या खिशात काही सरकवलं, तर निदान काय आहे ते मला आधी कळू दे. पारू माझी मास्तरीण झाली. मला छड्याही तिनेच मारल्या.

सतराला लढाई सुरू झाली. दोनेक दिवसांनी संध्याकाळी आम्ही असेच पाटीवर बसलो असताना कॅम्पचा भोंगा वाजला. दौलतने दार लावलं, फटीखाली ओला टॉवेल सारला, रेडिओ लावला. सगळ्यांनी मास्क चढवले. पारूचा किशोरीने बांधला. मला माझ्या मास्कमध्ये माझाच श्वास ऐकू येत होता. किशोरीने पारूला मांडीवर घेतलं होतं. मी मनातल्या मनात कलमा म्हणत होतो.

एकदम दौलत हातवारे करायला लागला. आम्हाला सांगितलेलं होतं की एका गॅसला लसणाचा वास असतो, दुसऱ्याला गवताचा, अजून कसला कसला. दौलत मास्कमधून ओरडत होता आणि आम्हाला नुसतं घूं घूं ऐकू येत होतं. शेवटी कळलं.

"वास येतोय. गोड वास येतोय."

किशोरीने पारूला छातीशी घट्ट धरलं. मला कसलाच वास येत नव्हता. मी नियम मोडला, माझा मास्क नाकापासून जरासा उचलला आणि दौलतच्या मास्कला नाक लावलं. चाळीस वर्षं चुलीपुढे काढलेला माणूस मी. मला दुसऱ्यांदा हुंगावं लागलं नाही.

"वेलची," मी म्हटलं.

मग दौलतचं खोकं उलटं केलं. तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक करंजी. महिन्याभराची. पंचवीस तारखेच्या डब्यातली शेवटची.

किशोरीने पारूकडे पाहिलं. पारूच्या मास्कमधून तिचा आवाज लहानसा, लांबून आल्यासारखा आला.

"सगळ्या संपल्या असत्या, तर नाताळ संपला असता."

दूर कुठेतरी रियाधच्या बाजूला गडगडलं. खिडकीचं प्लास्टिक थरथरलं आणि पुन्हा स्थिर झालं. दौलतने ती करंजी दोन्ही हातांत धरली होती, एखादा नाजूक सुटा भाग धरावा तशी. मास्क घालून खाता येत नव्हती. मग त्याने ती पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली आणि होती तिथेच, खोक्याच्या तळाला ठेवून दिली.

त्याच्या मास्कच्या काचा आतून धुरकट झाल्या होत्या.

"घाम आलाय," तो म्हणाला.

जानेवारीत अल खर्जला कुणालाही घाम येत नाही. हे आता किशोरीलाही ठाऊक होतं.